पेट्रोलचा ठराव क्रमांक सात

कळंबा
सोमवार, ता. २ मार्च

कबनूर मुक्कामी आक्का विहीणबाई यांना कळंब्याच्या मीनाबाईचा मानाचा जयभीम.

स. ज. वि. वि. ही अक्षरं मला लई आवडत्यात बगा. सप्रेम जयभीम विनंती विशेष असं आख्खं लिवायचं म्हणजे माझा निम्मा कागद तितंच सपतो. तुमच्या प्रीतीनं मला लिवायला शिकवलं तवाच सांगितलंतं की अक्षरामागं टिंब दिलं की बाकीचं वाचणारा समजून घेतो. आमच्या घरात एवढं समजूतदार फकस्त ते टिंबच हाय.

इकडं सगळी खुशाल. तुमचा गुडघा कसा हाय ते कळवा. शेजारच्या चिमणाबाईनं सांगितलेलं तेल पिशवीत घातलंय. ते गुडघ्याला लावा, भाजीत घालू नगा. मागल्या बारीला तुमी तसंच केलंतं.

तुमी म्हणाल फोन असताना बाई पत्र कशापायी लिवत्या. तर माझा उजवा कान गेलाय आणि डावा जायच्या वाटंवर हाय. फोन मोठ्या आवाजावर ठेवावा लागतो आणि मग आपलं बोलणं आख्ख्या गल्लीला कळतं. मागं तुमी तुमच्या धाकट्या सुनंबद्दल जे बोललासा ते गल्लीतल्या चौघींनी मला दुसऱ्या दिवशी परत सांगितलं, वर दोन गोष्टी जास्तीच्या घातल्या. म्हणून गुपित असलं की पत्रच बरं. पाकीट भाताच्या शितानं चिकटवलंय आणि प्रीतीच्या डब्याच्या पिशवीत ठेवलंय. ती तशीबी रोज कबनूरला कारखान्यात येती आणि दुपारी तुमच्याकडं जेवती, म्हणजे टपाल बिनतिकिटाचं पोचतं. पत्र तिच्याबद्दलच हाय, तरी ती फोडायची न्हाय. तुमी लेकीला तसं वळण लावलंय. आता गोष्ट ऐका.

पेट्रोल परत वाढलं, पंधरा दिवसांत तिसऱ्यांदा. पहिल्यांदा शंभरी ओलांडली तवा पेपरात मोठा फोटो आलता. आता कुणी फोटोबी काढत न्हाय. तर आमच्या घरात त्यावर सभा झाली. तुमचे व्याही भाऊसो तीस वर्षं आमच्या मंडळाचे सेक्रेटरी हुते हे तुमाला ठावं हाय. मंडळानं त्यांना शाल देऊन मोकळं केलं, त्या दिवसापासनं ते घराचे सेक्रेटरी झाले. भाजी कुठली करायची एवढं सोडलं तर आमच्यात सगळं ठरावानं हुतं. नोटीस फ्रीजवर लागती. सभा रविवारी धाला. झालेलं सगळं वहीत उतरतं. आणि मी अकरा वर्षं अध्यक्ष हाय. अध्यक्षानं मधल्या खुर्चीत बसायचं, बोलायचं न्हाय. मत द्यायचं न्हाय, दोन्हीकडं सारखी मतं पडली तरच द्यायचं, आणि ती अकरा वर्षांत कवा पडली न्हाईत. शेवटी चहा टाकाय उठायचं, त्याला आभारप्रदर्शन म्हणत्यात.

काल पहिला विषय पेट्रोल दरवाढीचा निषेध. तो एकमतानं झाला. निषेध कुणाला पाठवायचा यावर पाऊण तास गेला, मग तो वहीतच ठेवायचा असं ठरलं. दुसरा विषय प्रवासातली काटकसर. त्यावर तुमचे जावईबापू उठले. प्रसेनजीत राजारामपुरीत क्लासमधे गणित शिकवतो, तवा त्यानं तसंच मांडलं. आपली नात दीक्षा शाळंला सिटी बसनं जाती, तिचं पेट्रोल शून्य. तो स्वतः राजारामपुरीला जाऊन येतो, बारा किलोमीटर. प्रीती कबनूरला जाऊन येती, साठ. जे मोठं ते आधी कापायचं. म्हणून ठराव क्रमांक सात, इंधन बचतीसाठी सौ. प्रीती यांनी नोकरीस विराम द्यावा. राजीनामा असा शब्द कुठं न्हाय, विराम हाय. ह्यांना शब्द बरे सुचत्यात.

प्रीतीनं दोनदा हात वर केला. ह्यांनी सांगितलं की ज्याच्यावर ठराव त्याचा हितसंबंध असतो, त्याला चर्चेत बोलता येत न्हाय आणि मतबी देता येत न्हाय. ती उठली आणि आत जाऊन चटणी कुटाय लागली. ती चटणी अजून कुणी संपवली न्हाय.

खरं सांगू का विहीणबाई, ह्यात पेट्रोल थोडंच हाय. महिन्यापूर्वी ती कापड तपासणीच्या चाळीस बायकांवर सुपरवायझर झाली तवा पेढे आणलेते. प्रसेनजीतनं निम्मा पेढा खाल्ला, पगार किती झाला ते विचारलं, आणि उरलेला निम्मा परत खोक्यात ठेवला. तवापासनं त्याचं पेट्रोलकडं लई ध्यान हाय.

ठरावाला सात दिवसांची मुदत लागती, म्हणून मतदान येत्या रविवारी. हे आणि प्रसेनजीत ठरावाच्या बाजूनं. सोळावं लागल्यापासनं दीक्षाला मत दिलंय, ती विरुद्ध. दोनास एक. म्हणजे तुमच्या लेकीची नोकरी गेल्यात जमा, आणि त्याबरोबर आपलं टपालबी. मला काय सुचत न्हाय. तुमी सुचवा.

मोठ्यांना जयभीम, लहानग्यांचा गालगुच्चा. माया आटू देऊ नगा.

तुमची
मीनाबाई
(अध्यक्ष, पण बिनमताची)


कबनूर
बुधवार, ता. ४ मार्च

कळंब्याच्या मीनाबाई विहीणबाईंना आक्काचा जयभीम.

स. ज. वि. वि. पत्र पावलं. मी चौथी पास हाय म्हणून थोडक्यात लिवते. तुमी एकबी इयत्ता केली न्हाईसा म्हणून तुमचं पत्र तीन पानी असतं. तेल गुडघ्याला लावलं. पण भाजी त्या बारीला चांगली झालती, खोटं कशाला बोलू.

तुमचं वाचून पहिल्यांदा वाटलं की मिळंल ती बस धरावी, क्लासमधे जावं आणि जावईबापूंना फळ्यासमोर उभं करावं. मग पाणी प्याले. लेकीच्या घरात आई बोलली की त्याला भांडण म्हणत्यात आणि सासू बोलली की न्याय. म्हणून हे काम तुमचं हाय. मी पाठीमागनं हाय.

मी चाळीस वर्षं मागावर सुताच्या कांड्या भरल्या. कापडात दोष निघाला म्हणून कुणी सगळा ताका फेकून देत न्हाय. बोट फिरवत जात्यात आणि धागा कुठं तुटलाय ते हुडकत्यात. तुमी बोट फिरवा. माझी लेक साठ किलोमीटर जाती हे खरं. तुमचा लेक बाराच जातो हे कुणी बघितलंय? त्यानंच सांगितलं न्हवं? गणिताच्या मास्तरनं स्वतःचं गणित स्वतःच तपासलं तर शंभर मार्क पडणारच की.

एक सांगायचं ऱ्हायलं. प्रीती आज जेवाय आली ती दोघी बायकांबरोबर हसत आली. केस जागच्या जागी, तोंडावर धूळ न्हाय. साठ किलोमीटर गाडी मारणारी बाई अशी दिसती व्हय? मी म्हणलं नोकरी जायची येळ आली आणि तुला हसू येतंय कसं. तर म्हणाली, आई भाकरी वाढ. तुमच्यात ऱ्हाऊन पोरगी गप झालीया. आमच्यात असताना अशी न्हवती.

लोभ हाय तो ऱ्हावा. राग हाय तो जावयावर.

आक्का


कळंबा
मंगळवार, ता. १० मार्च

आक्का विहीणबाईंना मीनाबाईचा जयभीम.

स. ज. वि. वि. पहिली गोड बातमी, सभा पुढं गेली. कारण वाचताना तोंडात घास ठेवू नगा. रविवारी आठ मार्च आला, म्हणजे जागतिक महिला दिन. ह्यांचं मंडळात भाषण हुतं, विषय महिलांचे आर्थिक स्वावलंबन. प्रसेनजीतचंबी क्लासमधे हुतं, विषय तोच, कारण लिवून देणारी एकच हुती. दोघांची भाषणं प्रीतीनं शनिवारी कामावरनं येऊन टाईप करून दिली. ह्यांच्या भाषणाला टाळ्या पडल्या. त्या गडबडीत तिची नोकरी बंद करायला येळ मिळाला न्हाय, म्हणून ती सभा पंधरा तारखंला. फ्रीजवर नवी नोटीस लागलीया.

प्रसेनजीतनं महिला दिनाची गुलाबाची फुलं आणली. एक मला, एक प्रीतीला. दीक्षाचं फूल क्लासवरच विसरलं, म्हणून परत फटफटी काढून राजारामपुरीला गेला आणि घेऊन आला. एका फुलाला बारा किलोमीटर. फूल बरं हुतं.

आता तुमी सांगितलंसा तसं बोट फिरवलं ते सांगती. मला हिशेब मांडाय येत न्हाय, पण चिंचोका टाकाय येतो. लोणच्याची एक बरणी रिकामी हुती. ती खिडकीत ठेवली आणि फटफटी सुरू झाली की आत एक चिंचोका टाकला. फटफटीचा आवाज असा हाय की माझ्या गेलेल्या कानालाबी कळतो. विहीणबाई, सहा दिवसांत बरणी निम्मी भरली. मला चिंचोके कमी पडले, चिमणाबाईकडनं उसने आणले.

तर त्याचं बारा किलोमीटर असं हाय. सकाळी उठून रंकाळ्यावर दोस्तांबरोबर चहा. घरात चहा मिळतो, पण तितं तो उभं ऱ्हाऊन प्यायचा असतो. मग क्लास. मग दुपारी घरी, कारण डब्यातली भाकरी गार हुती. मग परत क्लास. एकदा चष्मा ऱ्हायला म्हणून, एकदा चष्म्याचं घर ऱ्हायलं म्हणून. एक दिवस पंपावर गेला आणि पेट्रोल न घालताच आला, उद्या वाढणार हाय का एवढंच विचाराय गेलता. आणि संध्याकाळी बाप मागं बसून दोघं गंगावेशीला, म्हशीचं धारोष्ण दूध प्यायला. म्हस डोळ्यासमोर पिळली पायजे, फेस मिशीला लागला पायजे. आमच्या घरापासनं चार दारं सोडून चिमणाबाईचा गोठा हाय, तीन म्हशी हायत. मी म्हणलं हितं प्या की. तर हे म्हणाले की हिच्या म्हशीला तो फेस येत न्हाय. चिमणाबाईला कळलं तवापासनं ती ह्यांच्याशी बोलत न्हाय.

आणि वर काटकसर. रविवारी भाषण झाल्यावर प्रसेनजीत कर्नाटकात गेलता. सीमेपलीकडं पेट्रोल स्वस्त मिळतं म्हणं. टाकी रिकामी करत गेला, तितं भरली, लोणी डोसा खाल्ला, आणि परत येईस्तोवर टाकी निम्मी झाली. तरी लई स्वस्त पडलं म्हणून खुशीत हुता. ह्यांनीबी घरात इंधन बचत समिती काढलीया. उतारावर फटफटी बंद करायची, असा तिचा पहिला नियम. परवा दोघांनी बंद केली आणि पुढच्या चढाला ती सुरूच हुईना. ढकलत आणली. प्यालेलं दूध सगळं जिरलं आणि घरी येऊन दोन-दोन भाकरी जास्त खाल्ल्या.

प्रीतीच्या स्कूटरचं मात्र नवल वाटतं. तिनं गेल्या सोमवारी टाकी भरली ती अजून चालतीया. किती जपून चालवत असंल पोरगी.

रविवारी न्हाण झाल्यावर तिच्या केसाला तेल लावत हुते, तवा हळूच विचारलं की बाई तुझ्या मनात काय हाय ते मला तरी सांग. ती म्हणाली, सभा ठरवंल की आई. मला रडू आलं. माझ्या सासूनं मला शेतावर धाडलं, माझ्या नवऱ्यानं मला अध्यक्ष केलं, पण माझं नाव मला लिवता यावं असं ह्या एकटीला वाटलं. एका हातानं पाटीवर माझं बोट धरायची आणि दुसऱ्या हातानं आमटी ढवळायची. ती पोरगी घरात बसली तर मी कुठल्या तोंडानं मधल्या खुर्चीत बसू.

बरणी हाय, पण मत न्हाय. दोनास एक ते दोनास एकच ऱ्हातंय. वाट काढा.

गुडघा जपा. तुमच्याकडच्या सगळ्यांवर मनातनं हात फिरवती.

तुमची
मीनाबाई


कबनूर
गुरुवार, ता. १२ मार्च

मीनाबाई विहीणबाईंना आक्काचा जयभीम.

स. ज. वि. वि. चिंचोक्याचं वाचून मी एवढी हसले की धाकटी सून बघाय आली. ती तुमाला नमस्कार सांगती. गल्लीत काय ऐकलंय ते तिला सांगू नगा.

वाट सापडली. आमच्या युनियनमधे एकदा बोनसची सभा हुती. मालकाच्या मेव्हण्यानं असाच कायदा काढला की ज्यांना बोनस मिळणार त्यांचा हितसंबंध हाय, त्यांनी मत द्यायचं न्हाय. सगळी गडीमाणसं गप. तवा आमच्यातली तानाबाई कांड्याची पाटी घेऊन उठली आणि म्हणाली की ज्यांना बोनस द्यावा लागणार त्यांचाबी हितसंबंधच की, त्यांनीबी बसावं. मेव्हणा बसला. त्या वर्षी बोनस मिळाला.

तर असं करा. नियम तुमी काढू नगा. व्याह्यांना काढू द्या. त्यांनाच मोठ्यानं वाचाय लावा आणि वहीत लिवाय लावा. शाई वाळू द्या. मगच बरणी बाहेर काढा. आधी काढलीसा तर ते नियमच बदलतील, मी असले सेक्रेटरी लई बघितल्यात.

घाबरू नगा. अध्यक्षाला बोलता येत न्हाय म्हणत्यात, पण विचारता येतं. विचारणं म्हणजे बोलणं न्हवं.

जमलं तर पत्र पाठवा. न्हाई जमलं तर पत्राबरोबर मलाच बोलवा.

तुमच्या मायेतली
आक्का


कळंबा
सोमवार, ता. १६ मार्च

माझ्या गुणाच्या आक्का विहीणबाईंना मीनाबाईचा उभं ऱ्हाऊन जयभीम.

स. ज. वि. वि. आज अक्षर वाकडं आलं तर ते म्हातारपणानं न्हवं, आनंदानं, असं समजून घ्या.

काल धाला सभा भरली. ह्यांनी ठराव क्रमांक सात वाचला. मी विचारलं की सेक्रेटरी, तो हितसंबंधाचा नियम मला नीट कळला न्हाय, जरा मोठ्यानं वाचता का. अकरा वर्षांत अध्यक्षानं पहिल्यांदा नियम विचारला, ह्यांना एवढं बरं वाटलं की उभं ऱ्हाऊन वाचला. ठरावामुळे ज्याच्या प्रवासावर परिणाम होईल त्याने मतदान करू नये. मी म्हणलं हे सगळ्यांना लागू हाय का. हे म्हणाले नियम म्हणजे नियम, सगळ्यांना. मी म्हणलं मग वहीत घ्या. दीक्षानं वहीत घेतलं. मी शाई वाळंपर्यंत पदरानं वारा घातला.

मग बरणी काढली आणि टेबलावर ओतली. चिंचोके खाली घरंगळत गेले ते अजून कपाटाखाली सापडत्यात. मी म्हणलं ठराव पेट्रोल वाचवायचा हाय, आणि ह्या घरात फटफटी अकरा दिवसांत एवढ्या बारीला सुरू झालीया, म्हणजे फटफटीवाल्याचाबी हितसंबंध. प्रसेनजीत म्हणाला की माझा प्रवास गरजेचा हाय. दीक्षानं लगेच विचारलं की डोसा कुठल्या गरजेत धरायचा. ती बापावर गेलीया, गणित पक्कं हाय. प्रसेनजीत बापाकडं बघाय लागला, बाप वहीकडं. वहीत त्यांच्याच तोंडचा नियम. प्रसेनजीतला बसवलं.

आता खरं बघितलं तर ह्यांनाबी बसवता आलं असतं. रोज मागं बसून दूध प्यायला जात्यात. दीक्षा तेच म्हणाय लागली, मी तिला डोळ्यानं दाबलं. ह्यांना बसवलं असतं तर दीक्षाच्या एका मतानं ठराव पडला असता आणि माझं मत तसंच ऱ्हायलं असतं. विहीणबाई, मला माझं मत द्यायचं हुतं. अकरा वर्षं मी ते घेऊन बसलेली.

ह्यांनी बाजूनं हात वर केला, दीक्षानं विरुद्ध. एकास एक. सगळी माझ्याकडं बघाय लागली. मी खुर्चीतनं उठले, पदर नीट केला, आणि विरुद्ध असं म्हणलं. एवढ्या मोठ्यानं म्हणलं की चिमणाबाईनं गोठ्यातनं काय झालं म्हणून विचारलं. ठराव क्रमांक सात नामंजूर.

तुमाला वाटंल गोष्ट सपली. मलाबी वाटलं, मी चहा टाकाय निघालेच हुते. तर ह्यांनी सवयीनं विचारलं की अध्यक्षांच्या परवानगीनं ऐनवेळचा कुठला विषय हाय का, आणि प्रीती उठली. आता तिच्यावर ठराव न्हवता, तिला बोलाय येत हुतं.

ती काय म्हणाली ते ऐका. फेब्रुवारीत पेट्रोल वाढलं तवा कोल्हापुराकडनं येणाऱ्या सहा बायकांनी काम सोडायचं ठरवलं. हिनं मालकाला सांगितलं की हात बसलेल्या तपासणाऱ्या बायका परत मिळायच्या न्हाईत, गाडी सुरू करा. निम्मं भाडं मालक देतो, निम्मं बायका. ती गाडी राजारामपुरीतनं सुटती आणि संध्याकाळी तितंच सोडती. प्रीती तीन आठवडे झाले राजारामपुरीपर्यंतच स्कूटर नेती. म्हणजे तिचंबी बाराच किलोमीटर. आणि स्कूटर उभी कुठं करती, तर प्रसेनजीतच्या क्लासच्या खाली, जिन्याजवळ. ह्याची फटफटी रोज तिच्याच शेजारी लागती. एकदा तर ह्यानं ती स्कूटर हातानं सरकवून आपल्या फटफटीला जागा केली म्हणं, तिनं पलीकडनं बघितलं. बायकोची स्कूटर ह्यानं ओळखली न्हाय.

म्हणजे एवढा ठराव, एवढी नोटीस, ते सगळं जे पेट्रोल कुणी जाळतच न्हवतं त्यासाठी झालं. हे रागावले, म्हणाले की हे आधीच का सांगितलं न्हाय. दीक्षानं मागचं पान उलटून वाचलं की सौ. प्रीती यांनी दोन वेळा हात वर केला, त्यांना नियमानुसार बसवण्यात आले. ह्यांचंच अक्षर. ह्यांनी चष्मा काढून पुसला. लई येळ पुसला.

मग तिनंच ठराव क्रमांक आठ मांडला. एकाच घरातनं एकाच जागी दोन गाड्या जात्यात, तवा एकच जावी. फटफटी जास्त पीती, म्हणून स्कूटर जावी. आणि स्कूटरनं आधी पोचायचं तिला असतं, म्हणून चालवील ती. प्रसेनजीत म्हणाला की बायकोच्या मागं बसून मी राजारामपुरीत जायचं व्हय. मतदानाला बघावं तर त्या दोघांचा हितसंबंध. फटफटी थांबली की दूध थांबतं, म्हणून ह्यांचाबी. दीक्षा दुसऱ्या दिवशी पेपर म्हणून अभ्यासाला उठली. शून्यास शून्य, म्हणजे सारखीच मतं, तवा उरले मी. ठराव एका मतानं आणि एकमतानं मंजूर झाला.

एक कळत न्हाय. सभेत बोलता आलं न्हाय हे खरं, पण नंतर चौदा दिवस ती मलासुद्धा का बोलली न्हाय. तुमी आई हायसा, तुमी विचारा.

तुमच्या तानाबाईला माझा जयभीम सांगा. ती असंल तितं सुखी असू दे.

तुमची
मीनाबाई


कबनूर, कारखाना
मंगळवार, ता. १७ मार्च

ती. आईस प्रीतीचा सप्रेम जयभीम.

आज जेवताना तू तीनदा विचारलंस आणि तीनही वेळा उत्तर पुरं होऊ दिलं नाहीस, म्हणून सुट्टीनंतर बसून लिहिते आहे. ही चिठ्ठी सासूबाईंनाही दाखव. त्यांनाच ती जास्त लागू आहे.

पहिल्या सभेच्या दुसऱ्या दिवशीच मी गाडीचं सांगणार होते. सकाळी ह्यांना सहज विचारलं की पेट्रोल उद्या पुन्हा उतरलं तर काय करायचं. हे म्हणाले, उतरलं तरी तू घरीच बरी. मग थोड्या वेळानं म्हणाले की क्लासमधले सर लोक चहाच्या वेळी विचारतात, वहिनींचा पगार आला का, मग पार्टी त्यांच्याकडूनच. तेव्हा मला कळलं की माझी गाडी किती किलोमीटर जाते याचा ह्यात संबंध नाही. मी गाडीचं सांगितलं असतं तर ठराव मागं घेतला असता आणि पुढच्या महिन्यात दुसरं कारण निघालं असतं. स्वयंपाक, दीक्षाची दहावी, काहीही. म्हटलं, एकदा मतदान होऊन जाऊ दे. नोकरी नको म्हणायचंच असेल तर माणसांनी तसा हात वर करून म्हणावं.

ठराव मंजूर झाला असता तरी मी सोमवारी कामावर आलेच असते, आई. ते मी ठरवलं होतं. पण मग त्या घरात रोज भांडून निघावं लागलं असतं. आता तसं नाही.

सासूबाई उभ्या राहिल्या तेव्हा मला वर बघवलं नाही. त्यांना सांग, मी त्यांच्यापासून लपवलं याचं मला वाईट वाटतं. पण त्यांना सांगितलं असतं तर त्यांनी फोनवरून तुला सांगितलं असतं, आणि मग गल्लीला.

तुमची दोघींची पाकिटं मी एकदाही उघडली नाहीत. भाताची शितं मात्र जरा कमी लावत जा, डब्याच्या पिशवीला मुंग्या येतात.

तुझी
प्रीती


कळंबा
शनिवार, ता. २१ मार्च

आक्का विहीणबाईंना मीनाबाईचा जयभीम.

स. ज. वि. वि. प्रीतीची चिठ्ठी दीक्षानं मला वाचून दाखवली, मग मी एकटीनं परत वाचली. माझ्यापासनं लपवलं ते बरंच केलं. मला ठावं असतं तर मी सोमवारीच बोलून गेले असते. शितं आता दोनच लावलीत.

ठराव आठचं काय झालं ते सांगाय बसले. सोमवार, मंगळवार जावईबापू सिटी बसनं गेले. बसायला जागा मिळाली न्हाय, तरी म्हणत हुते की बस बरी. बुधवारी बस आलीच न्हाय. प्रीतीनं स्कूटर दारात काढली, सुरू करून थांबली. तो चपला घालून आत-बाहेर करत हुता. शेवटाला आत जाऊन हेल्मेट घालून आला. गावात मागं बसणाऱ्यानं हेल्मेट घातलेलं मी पहिल्यांदा बघितलं. काच खाली ओढून बसला, ओळखू येऊ नये म्हणून. ह्यांनी त्याला सुरक्षेचं महत्त्व पटलं असं वहीत लिवलं.

राजारामपुरीत पोचल्यावर त्यानं कारखान्याची गाडी बघितली. त्या सहा बायका बाहेर उभ्या हुत्या. हिला बघून सगळ्यांनी म्याडम म्हणलं आणि ही चढंपर्यंत एकबी चढली न्हाय. एक तर त्याच्याहून वयानं मोठी हुती म्हणं. तो जिन्यात उभं ऱ्हाऊन बघत हुता, गाडी गेली तरी. रात्री जेवताना त्यानं तिला विचारलं की तपासणी म्हणजे नक्की काय करतेस. लग्नाला अठरा वर्षं झाली, आता विचारलं. तिनं टेबलाची चादर हातात घेतली आणि कुठं धागा सुटलाय ते बोटानं दाखवलं. त्याला दिसला न्हाय, पण बघत हुता.

फटफटीवर कापड टाकलंय. ह्यांनी दोन दिवस दूध सोडलं, तिसऱ्या दिवशी तांब्या घेऊन चिमणाबाईच्या गोठ्यात गेले. तिनं अर्धा तास उभं केलं, मग दिलं. फेस चांगला हाय असं ह्यांनी मोठ्यानं सांगावं अशी तिची अट हुती. सांगितलं.

आता कालचं ऐका, त्यासाठीच हे पत्र. सकाळी सिग्नलला स्कूटर थांबली आणि शेजारी त्याच्या क्लासची चार पोरं आली. हेल्मेट असूनबी पोरांनी बुटावरनं ओळखलं. एकानं विचारलं की सर, गाडी बिघडली का. प्रीती म्हणती, तिनं मान खाली घातली आणि आता हा काय खोटं सांगतो ते ऐकाय लागली. तर म्हणाला की गाडी ठीक हाय. ह्या माझ्या मिसेस, चाळीस बायकांच्या सुपरवायझर हायत, ह्यांना येळेत पोचवाय मी बरोबर येतो. पोचवतो हा, आणि हँडल तिच्या हातात. तरी मी त्याला माफ केलं विहीणबाई, कारण एवढं सांगाय त्यानं हेल्मेट काढलं.

गुडघा बरा झाला की एक दिवस त्या गाडीतनं इकडं या, प्रीती जागा धरंल. तुमच्या घरच्यांना जयभीम, आणि आपल्या दोघींचा हा जिव्हाळा जन्मभर असाच चालू ठेवा.

तुमची
मीनाबाई